अडत, पट्टी आणि नातीचं डीमॅट

दिवाळीत नात घरी आली होती. फराळ झाल्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसली आणि मला म्हणाली, "आजी, तुझं डीमॅट कुठे आहे गं?" मी म्हटलं, "कपाटात असेल, खालच्या खणात." ती हसून हसून लोळायची बाकी राहिली! मला डीमॅट म्हणजे काय ते माहीत नाही असं नाही, पण 'कुठे आहे' असं विचारल्यावर आमच्या पिढीला कपाटच आठवतं, त्याला काय करणार?

विषय निघायला कारणही तसंच होतं. हरिपूरचं आमच्या वडिलांचं जुनं घर गेल्या वर्षी आम्ही भावंडांनी विकलं. माझ्या वाट्याला जे आलं त्यातले पाच लाख मी नातीच्या नावाने ठेवायचं ठरवलं. अट एकच, वीस वर्षं हात लावायचा नाही. ती म्हणाली, म्युच्युअल फंडात ठेवू. मी म्हटलं, ठेव. मग तिने मोबाईलवर तीन-चार ऑनलाइन ब्रोकरांची नावं दाखवली, प्रत्येकाचे रंग निराळे, प्रत्येक जण म्हणतो खातं फुकट, आणि मला विचारलं, "यातला कुठला घेऊ?"

आता मी आयुष्यभर इतिहास शिकवला. अर्थशास्त्र बीएला एक वर्ष होतं तेवढंच. ब्रोकर कुठला चांगला हे मी काय सांगणार? पण दोन दिवस विचार करताना लक्षात आलं की ह्या प्रश्नाचं उत्तर मला लहानपणीच कोणीतरी दिलेलं आहे. तेच आज लिहिते आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, सांगलीला एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. पांढरी टोपी, काळा कोट, आणि बोटांना कायम हळदीचा वास. शेतकरी गाडीतून हळद घेऊन यायचा, अडत्या ती विकून द्यायचा, त्याबद्दल आपली अडत कापून घ्यायचा आणि उरलेल्या पैशांची पट्टी शेतकऱ्याच्या हातात द्यायचा. दादा म्हणत, शहाणा शेतकरी दुकानात शिरला की चारच गोष्टी विचारतो. माल कुठाय? भाव कुणी ठरवला? अडत किती? आणि पट्टी कधी? ज्याने ह्या चार गोष्टी विचारल्या त्याला कोणी फसवत नाही. ज्याने लाजेने विचारल्या नाहीत त्याचं आम्ही चहापाणी जास्त चांगलं करतो!

मुंबईच्या शेअर बाजाराचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास मी ह्या चार प्रश्नांतून पाहिला तेव्हा मला तो पहिल्यांदा नीट कळला. दर वेळी लोक बुडाले ते ह्यातला एखादा प्रश्न न विचारल्यामुळे. आणि प्रत्येक बुडण्यानंतर एखादा कायदा झाला, म्हणजे तो प्रश्न विचारायची सोय झाली.

सुरुवात वडाच्या झाडाखाली झाली हे बहुतेकांना माहीत असेल. १८५० च्या सुमारास मुंबईत टाऊन हॉलजवळ, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, वडाखाली दहा-वीस दलाल जमायचे. कापसाचे, सोन्याचे आणि थोडेफार कंपन्यांच्या कागदांचे सौदे करायचे. मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं बंद झालं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवाच होता, तो मुंबईहून जाऊ लागला. मुंबईत पैशाचा नुसता पूर आला. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव मिळाला. एवढ्या पैशाचं करायचं काय? तर कंपन्या काढायच्या! बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या. त्यात बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा शेअर सगळ्यात गाजला. जमीन अजून पाण्याखाली, आणि शेअरचा भाव मात्र मूळ किमतीच्या कित्येक पट.

ह्या सगळ्याच्या मधोमध होते प्रेमचंद रायचंद, सुरतेकडचे जैन दलाल. त्यांच्या शब्दावर बँका कर्ज देत. लोक शेअर गहाण ठेवून कर्ज काढत आणि त्या कर्जातून आणखी शेअर घेत. पुष्कळसे सौदे वायद्याचे, म्हणजे आज बोली आणि पैसे पुढे. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, ती बातमी मुंबईत आली आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ ही शेकडो वायद्यांची मुदत होती. त्या दिवशी कोणाकडेच द्यायला पैसे नव्हते. मोठमोठ्या पेढ्या बसल्या. बँक ऑफ बॉम्बेचं कंबरडं मोडलं, ती पुढे बंद करून १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. प्रेमचंद स्वतः बुडाले, पण पुन्हा उभे राहिले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतला, त्यांच्या आईच्या नावाचा, १८७८ मध्ये पुरा झालेला. मुलांना घेऊन सहलीला गेलं की मी टॉवर दाखवायचे आणि म्हणायचे, हे घड्याळ बघा आणि त्याच्या मागे १८६५ पण बघा. मुलं अर्थातच वडापाव बघत असायची.

तर सांगायचा मुद्दा असा की १८६५ साली 'माल कुठाय' हे कोणी विचारलं नाही. माल समुद्राच्या तळाशी होता!

दहा वर्षांनी, १८७५ च्या जुलैत, दलालांनी आपली संघटना बांधली, प्रवेश फी एक रुपया. तोच पुढे मुंबई शेअर बाजार. त्या गल्लीला दलाल स्ट्रीट म्हणू लागले. गंमत बघा, मराठीत 'दलाल' शब्दाला एक वास आहे, आपण तो चारचौघांत जपून वापरतो. इंग्रजीतून 'ब्रोकर' म्हटलं की तोच माणूस टाय लावून आल्यासारखा वाटतो.

आमच्याकडे, म्हणजे मराठी मध्यमवर्गात, शेअर हा शब्द सट्ट्याच्या शेजारीच बसवलेला होता. पैसा एकत्र करणं आम्हाला नवीन नव्हतं. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा गोळा करण्याची 'पैसा फंडा'ची कल्पना काढली, टिळकांनी ती उचलून धरली, आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. पण तो देशासाठी दिलेला पैसा, परत घ्यायचा नव्हे. परत घ्यायचा पैसा म्हणजे पोस्टाचं पासबुक, १९५६ नंतर आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी, शिक्षकांची पतसंस्था आणि शिक्षक-खोलीतली भिशी. भिशीत तर चारही प्रश्नांची उत्तरं समोर दिसतात. पैसे कुठे आहेत, तर देशपांडे बाईंच्या पर्समध्ये. झालं!

मग सरकारनेच एक मोठी भिशी काढली म्हणा ना. १९६३ मध्ये संसदेने कायदा करून युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया स्थापन केला, आणि १ जुलै १९६४ पासून 'युनिट ६४' विक्रीला आलं. दहा रुपयांचं एक युनिट. लहान माणसाचे पैसे एकत्र करून ट्रस्ट ते शेअरमध्ये आणि रोख्यांत गुंतवणार, मिळकत सगळ्यांना वाटणार. भारतातला हा पहिला म्युच्युअल फंड. दरवर्षी लाभांश नियमाने यायचा, म्हणून लोक युनिटला मुदत ठेवच समजत. सरकारी आहे, मग विचारायचं काय?

विचारायचं होतं ते हे, की भाव कुणी ठरवला? युनिटची खरी किंमत म्हणजे फंडाकडे असलेल्या सगळ्या मालाची त्या दिवशीची किंमत भागिले युनिटांची संख्या. युनिट ६४ चा खरेदी-विक्रीचा भाव मात्र ह्या हिशोबाने नव्हे, तर ट्रस्ट जाहीर करील तो. नव्वदच्या दशकात त्यातला मोठा पैसा शेअरमध्ये गेला, शेअर उतरले, पण युनिटचा भाव चढाच राहिला. १९९८ मध्ये भोक दिसलं, दीपक पारेख समिती नेमली, सरकारने टेकू दिला. आणि २ जुलै २००१ रोजी ट्रस्टने जाहीर केलं की सहा महिने युनिटची खरेदी-विक्री बंद. सुमारे दोन कोटी लोकांचे पैसे त्यात होते. चौथा प्रश्न, 'पट्टी कधी', एका रात्रीत उभा राहिला. पेन्शनवाल्यांच्या रांगा त्या दिवसांत सगळ्या वर्तमानपत्रांत होत्या. जानेवारी २००२ पासून युनिटचा भाव खऱ्या हिशोबाने लावू लागले, २००३ मध्ये ट्रस्टचे दोन तुकडे झाले, आणि युनिट ६४ च्या बदल्यात लोकांना ६.७५ टक्के करमुक्त व्याजाचे रोखे मिळाले. सरकारने भरपाई केली म्हणून लोक पूर्ण बुडाले नाहीत. पण ती भरपाई कराच्या पैशातून झाली, हे विसरू नये.

जरा मागे जाते. 'माल कुठाय' हा प्रश्न कागदी शेअरच्या काळात फार अवघड होता. आज ज्यांचं वय तीस आहे त्यांना सांगून खरं वाटणार नाही. शेअर विकायचा तर सर्टिफिकेटला ट्रान्सफर डीड जोडायचं, सही कंपनीकडच्या नमुन्याशी जुळली पाहिजे, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांनी सगळं परत. टपालात गहाळ होणारी सर्टिफिकेटं निराळी, खोटी छापलेली निराळी. भावाचंही तसंच. मुंबईच्या रिंगणात दलाल ओरडून सौदे करायचे, आपल्याला सांगलीत दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दिवसाचा चढा आणि उतरता भाव दिसायचा. आपण घेतलेला शेअर नेमका चढ्या भावाजवळ आणि विकलेला नेमका उतरत्या भावाजवळ कसा, हे विचारायला जागाच नव्हती. दादा सांगायचे, जुन्या काळी हळदीचेही सौदे रुमालाखाली हात घालून बोटं दाबून व्हायचे. शेतकरी समोर उभा, आणि त्याच्याच मालाचा भाव त्याला दिसत नाही!

एप्रिल १९९२ मध्ये सुचेता दलाल यांनी टाइम्स ऑफ इंडियात हर्षद मेहताचं प्रकरण बाहेर काढलं. त्या घोटाळ्याच्या पोटात काय होतं? बँकांच्या पावत्या. सरकारी रोखे आमच्याकडे आहेत, असं सांगणारी पावती एका बँकेने द्यायची, तिच्यावर दुसऱ्या बँकेने पैसे द्यायचे, आणि ते पैसे दलालामार्फत शेअर बाजारात. पुष्कळशा पावत्यांच्या मागे रोखेच नव्हते. अशा पावत्या देणाऱ्यांत बँक ऑफ कराडचं नाव आलं, आणि १९९२ मध्येच ती बँक दिवाळखोरीत गेली. कराड म्हणजे आमच्या शेजारचं गाव. मुंबईतला घोटाळा म्हणून जे आम्ही चहाबरोबर वाचत होतो, तो पुणे-बंगलोर रस्त्यावर येऊन उभा राहिला.

इथे मला हरिपूरची पेवं आठवतात. हळद साठवायला जमिनीत खणलेली खोल खड्ड्यासारखी कोठारं, तोंड लहान आणि पोट मोठं. त्यात हळद वर्षानुवर्षं किडत नाही. पेवात माल टाकला की पावती मिळायची, आणि त्या पावतीवरच माल विकला जायचा. पण दादांसारखा दिवाणजी वर्षातून एकदा जाऊन पेवाचं तोंड उघडायचा. का, तर पावती म्हणजे हळद नव्हे. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं पाण्याखाली जाऊन संपली. दादा तेव्हा नव्हते, बरंच झालं.

असो. विषयांतर झालं, पण फारसं नाही.

१९९२ च्या फटक्यानंतर कामं भराभर झाली. सेबी १९८८ मध्ये स्थापन झाली होती, तिला १९९२ मध्ये कायद्याचे दात मिळाले. नोव्हेंबर १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने संगणकाच्या पडद्यावर शेअरचे व्यवहार सुरू केले, मुंबई बाजारालाही पुढच्या वर्षी तेच करावं लागलं. रुमाल उचलला गेला. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा झाला आणि त्याच वर्षी एनएसडीएल सुरू झाली, १९९९ मध्ये सीडीएसएल. म्हणजे शेअर कागदावर न राहता एका मध्यवर्ती वहीत आपल्या नावापुढे नोंद. हेच ते डीमॅट. सेबीने २००० साली इंटरनेटवरून व्यवहाराला परवानगी दिली आणि ऑनलाइन ब्रोकर जन्माला आले. नात ज्या गोष्टीला 'ॲप' म्हणते तिच्या खाली हे एवढे थर आहेत.

आता तिसरा प्रश्न, अडत किती. इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल. घरच्यांना माहीत आहे, इतरांना पहिल्यांदाच सांगते.

पूर्वी म्युच्युअल फंडात पैसे घातले की सुरुवातीलाच सव्वादोन टक्क्यांपर्यंत कापून घेत आणि ते विक्रेत्याला देत. दहा हजार दिले तर नऊ हजार सातशे पंचाहत्तरच गुंतत. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीने हे बंद केलं. चांगलंच झालं की! पण झालं असं, की विकणाऱ्याला फंडात मिळकत उरली नाही, आणि युलिप म्हणून विमा-अधिक-गुंतवणुकीच्या ज्या पॉलिसी होत्या त्यांत मात्र कमिशन भरघोस होतं. त्यांच्यावर सेबीची सत्ता नव्हती. साहजिकच सगळे तिकडे वळले.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी, २००९ मध्ये. ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत जमा झाले आणि आठवड्याच्या आत बँकेतला एक अधिकारी घरी आला. माझाच विद्यार्थी! दारातच वाकून नमस्कार केला. "बाई, तुमचे पैसे बचत खात्यात पडून आहेत, बरं वाटत नाही. म्युच्युअल फंडासारखंच आहे, वर विमा फुकट." वर्षाला एक लाख, तीन वर्षं. मी त्याला चहा दिला, चिवडा दिला, आणि तो दाखवील तिथे सह्या केल्या. दिवाणजीची मुलगी, पण 'अडत किती' हे विचारलं नाही. आपल्या विद्यार्थ्याला ते कसं विचारायचं?

वर्षाने विवरणपत्र आलं. पहिल्या लाखातले सुमारे तीस हजार युनिट घेण्याआधीच कापले गेले होते. मी तीनदा बेरीज केली, मग जावयांना दाखवलं. ते म्हणाले, आई, सगळं छापलेलं आहे, आपण सही केली आहे. त्या एप्रिलमध्ये, म्हणजे २०१० साली, सेबी आणि विमा नियामक ह्यांचं युलिपवरून जाहीर भांडण झालं, जूनमध्ये सरकारने वटहुकूम काढून युलिप विमा नियामकाकडे दिली, आणि १ सप्टेंबर २०१० पासून ह्या कापाकापीवर मर्यादा आल्या. मी ते वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा माझा दुसरा हप्ता भरून झाला होता. इतिहास शिकवणारी बाई इतिहासाच्या नेमक्या चुकीच्या बाजूला सापडली!

तो मुलगा पुढे मला एका लग्नात भेटला. बँक सोडली होती. स्वतःहून जवळ येऊन म्हणाला, "बाई, तेव्हा टार्गेट होतं. तुमच्याकडे आलो ते चुकलं." मी म्हटलं, जेवलास का? दुसरं काय म्हणणार? राग त्याच्यावर आला नाही. पण वाईट एवढ्याचंच वाटलं की मी त्याला शाळेत बेरीज-वजाबाकीपेक्षा मोठं काही शिकवलं असा माझा समज होता.

ह्यातून मी एक धडा घेतला. मधला माणूस चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हे. त्याला पैसे कोण देतो आणि कशाबद्दल देतो, हा प्रश्न.

१ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला 'डायरेक्ट' योजना ठेवावी लागते. तोच फंड, तेच शेअर, फक्त मधल्या माणसाचं कमिशन नाही. 'रेग्युलर' योजनेत ते दरवर्षी फंडाच्या खर्चातून जातं, आपल्याला वेगळं दिसत नाही. शेअर फंडात हा फरक वर्षाला अर्धा ते एक टक्का असू शकतो. एक टक्का म्हणजे काय ते नातीला मी पाटीवर करून दाखवलं. पाच लाख रुपये वीस वर्षं, समजा दहा टक्क्यांनी वाढले, तर सुमारे तेहतीस लाख चौसष्ट हजार होतात. नऊ टक्क्यांनी वाढले तर अठ्ठावीस लाख. फरक साडेपाच लाखांहून जास्त, म्हणजे मुद्दलापेक्षाही मोठा! चक्रवाढ व्याज शाळेत शिकवतात, पण ते उलटीकडूनही चालतं हे कोणी शिकवत नाही.

म्हणून डायरेक्टच घ्यावं, असं सगळ्यांना सांगायला मी तयार नाही. मार्च २०२० मध्ये करोनाने बाजार कोसळला तेव्हा आमच्या शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना त्यांच्या फंड विक्रेत्याने सलग चार दिवस फोन करून 'विकू नका' म्हणून धरून ठेवलं. त्याने त्याचं कमिशन कमावलं असं मी म्हणेन. नातीला आकडे कळतात, घाबरत नाही, तिला डायरेक्ट. मला एकटीला ठेवायचे असते तर कदाचित मी माणूस बघितला असता. पण आता आधी विचारून.

तर शेवटी आम्ही दोघी टेबलाशी बसलो आणि दादांचे चार प्रश्न प्रत्येक ब्रोकरला लावले.

माल कुठाय? फंडाचे युनिट दोन ठिकाणी राहू शकतात. एक तर डीमॅटमध्ये, नाहीतर फंडाच्या रजिस्ट्रारकडे आपल्या नावाच्या फोलिओत. फंडासाठी डीमॅट लागतच नाही, शेअर किंवा ईटीएफ घ्यायचे तर लागतं. दोन्हीकडे ब्रोकर हा नुसता दरवाजा आहे, पेव नव्हे. पण २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सेबीने कार्वी ह्या मोठ्या ब्रोकरवर कारवाई केली, कारण ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राच्या जोरावर ग्राहकांचेच शेअर गहाण टाकले गेले होते. त्यानंतर नियम कडक झाले, आता गहाणाचीही नोंद डिपॉझिटरीतच आणि मालकाच्या संमतीने होते. तरी आमचा नियम असा, की ॲपमधला आकडा बघायचा नाही, डिपॉझिटरीकडून ईमेलवर येणारं एकत्रित विवरण बघायचं. वर्षातून एकदा पेवाचं तोंड उघडायचं.

भाव कुणी ठरवला? फंडाचा भाव दिवसातून एकदाच ठरतो आणि कुठल्याही दरवाजातून गेलात तरी तोच. इथे ब्रोकर निवडायचा प्रश्नच नाही.

अडत किती? इथे मात्र 'फुकट' शब्दावर आम्ही बराच वेळ घालवला. दुकानाचं भाडं आहे, नोकर आहेत, जाहिराती आहेत, मग फुकट कसं? तर काही ब्रोकरांची खरी कमाई वायदे आणि ऑप्शनवाल्यांकडून होते. सेबीने २०२४ मध्ये पाहणी जाहीर केली, त्यात आधीच्या तीन वर्षांत ह्या वायद्यांमध्ये पडलेल्या शंभरातल्या त्र्याण्णव व्यक्तींना तोटा झाला होता. म्हणजे आपलं फुकट खातं त्यांच्या पैशावर चालतं, आणि दुकानदाराची इच्छा असणार की आपणही उद्या त्या खोलीत यावं. १ जुलै १८६५ ची मंडळी अजून आहेत, फक्त वडाखालून मोबाईलमध्ये आली. आम्ही असा ब्रोकर बघितला जिथे वायद्याचा भाग सुरू केल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि डीमॅटची वार्षिक फी स्वच्छ लिहिलेली आहे. तिने तो भाग बंदच ठेवला.

पट्टी कधी? पैसे काढले तर दोन-तीन कामाच्या दिवसांत थेट तिच्या बँक खात्यात, ब्रोकरच्या खात्यातून फिरून नव्हे. हे आम्ही आधी पाचशे रुपये घालून, काढून बघितलं. नातीला ते पोरकट वाटलं. वाटू दे! आणि दरवाजा चांगला असला तरी आतला फंडही बघावा लागतो. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा कर्जरोखे योजना बंद केल्या, तेव्हा कुठल्याही ब्रोकरकडून गेलेल्या लोकांचे पैसे सारखेच अडकले. पुढे मिळाले, पण वाट बघून. नॉमिनी म्हणून तिने आईचं नाव घातलं, तेही त्याच दिवशी. हा प्रश्नाचा शेवटचा भाग, आपल्या माघारी पट्टी कोणाला, हा आमच्या पिढीने फार वेळा कोरा सोडला.

ब्रोकरचं नाव मी इथे लिहीत नाही. आज जो बरा आहे तो दहा वर्षांनी बरा असेलच असं नाही, आणि तुमची गरज निराळी असू शकते. प्रश्न मात्र दहा वर्षांनीही हेच राहतील.

सगळं झाल्यावर नात म्हणाली, "आजी, पणजोबांना हे सगळं कळलं असतं?" मी म्हटलं, मोबाईल कळला नसता, बाकी सगळं कळलं असतं. पहिलं विवरण आलं ते तिने मला छापून पाठवलं आहे. हरिपूरचं घर आता त्या एका ओळीत आहे. मी ते घडी करून कपाटात ठेवलं, खालच्या खणात.

तुमच्या घरी जुनी शेअर सर्टिफिकेटं, युनिटचे कागद काही असतील तर एकदा खण उघडून बघा, नॉमिनी आहे का तेही बघा. आणि युलिपच्या बाबतीत माझ्यासारखं कोणाचं झालं असेल तर संकोच न करता जरूर कळवा. एकट्या मीच मूर्ख ठरले नाही, एवढं तरी समाधान!